अकरा फुटांत एकशे वीस तारा

जळगावजवळच्या पिंप्राळ्यातलं आमचं घर तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर होतं. त्यात घर, मागे मोरी आणि पाण्याची टाकी, बाजूला स्कूटर काढण्यापुरता बोळ. फाटकापर्यंत उरायची ती अकरा फूट जागा. तिच्यात एक लिंबाचं झाड, तुळस, आणि वरून गेलेली बायकोची कपडे वाळत घालायची तार. माझ्याकडच्या पुस्तकात मात्र लिहिलं होतं की जमिनीत एकशे वीस तारा पुरा, प्रत्येक तार तेहेतीस फूट लांब, चारही बाजूंना सारख्या अंतरावर. पुस्तक अमेरिकेतलं होतं. तिकडे प्रत्येकाच्या घराभोवती शाळेच्या पटांगणाएवढी मोकळी जागा असावी. लिहिणाऱ्याला एकदा आमच्या फाटकात आणून उभं करावं आणि विचारावं, आता सांगा साहेब, पहिली तार कुठे पुरू?

ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटच्या वर्षांतली. मी जळगावला एका शाळेत विज्ञान शिकवायचो, दुपारचं सत्र. सकाळ माझी असायची, आणि ती सगळी हौशी रेडिओत जायची. सरकारी परवाना घ्यायचा, सेट स्वतः जुळवायचा, आणि लांबच्या माणसाशी मोर्सच्या कट्ट-कडकट्टनं बोलायचं, असा हा छंद. मला तो लावला धुळ्याच्या नानांनी. नाना तिथल्या तार ऑफिसात आयुष्यभर तारा पाठवत आणि घेत होते. मी धुळ्याला डी.एड. करत असताना त्यांच्या शेजारच्या खोलीत राहायचो. भिंतीपलीकडून कट्ट-कडकट्ट यायचं, म्हणून एकदा चौकशी केली, आणि अडकलो.

नानांची शिकवायची एक खोड होती. ते सांगायचे नाहीत. कुठलं अक्षर कसं वाजतं ते त्यांनी मला कधी कागदावर लिहू दिलं नाही. शंका विचारली की म्हणायचे, "सांगून काय कळणार तुला? ये, बस, ऐक." मग मोर्सची चावी घेऊन वाजवायचे. चुकलं की पुन्हा वाजवायचे. माझ्या कडकट्टची, म्हणजे लांब ठोक्याची, लांबी नेहमी जास्त व्हायची. त्यावरून त्यांनी मला जेवढं बोलून घेतलं तेवढं माझ्या वडिलांनीही कधी घेतलं नाही.

त्या वर्षी फेब्रुवारीत नानांच्या घशाचं मुंबईला ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. कायमचा. मी मुंबईला जाऊन भेटून आलो तेव्हा ते उशीला टेकून बसले होते आणि मांडीवर मुलांची असते तशी पाटी होती. काही हवं असलं की पाटीवर लिहायचे: पाणी. खिडकी. बास. माझ्याकडे बघून त्यांनी पाटी बाजूला ठेवली आणि माझ्या मनगटावर बोटानं टकटक केली. इंग्रजी अक्षरं, मराठी शब्द: हे अजून आहे.

मी तिथंच ठरवलं. रोज सकाळी साडेआठला रेडिओच्या चाळीस मीटरच्या पट्ट्यावर आपण बोलायचं. नानांनी मान डोलावली. अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला बाहेरच्या पॅसेजमध्ये म्हणाल्या, "पाटीवर ते कामापुरतं लिहितात हो. गप्पा नाही मारता येत पाटीवर. तुमच्याशी तरी बोलतील." त्यांचं वाक्य मी जळगावपर्यंत डोक्यात घेऊन आलो.

मार्चात नाना धुळ्याला परतले, देवपुरात निवृत्तीनंतर घेतलेल्या लहानशा घरात. ते घर मी बघितलं नव्हतं. ठरल्याप्रमाणे साडेआठला मी हेडफोन लावला आणि नाना आले. खणखणीत. हात तोच, जरासुद्धा थरथर नाही. माझं नाव घेऊन हाक मारली आणि थांबले. मी उत्तर दिलं. नानांनी पुन्हा हाक मारली. मी पुन्हा उत्तर दिलं. पाच मिनिटं असं चाललं, मग नाना म्हणाले, ऐकू येत नाही, उद्या बघू.

तो उद्या उगवायला दहा महिने लागले.

माझ्या सेटची रचना समजावून घ्या, कारण माझा गाढवपणा तिच्यातच आहे. माझ्याकडे ऐकायचा सेट वेगळा होता आणि पाठवायचा वेगळा. ऐकायला काय, कुठलीही तार चालते, असं माझं ठाम मत. म्हणून ऐकायच्या सेटची वायर मी एका चिमट्यानं बायकोच्या कपड्यांच्या तारेला लावून टाकली होती. ती तार फाटकाजवळच्या खांबावरून जिन्याच्या कठड्याला आणि तिथून वळून मोरीच्या भिंतीला गेलेली, डोक्याच्या जरा वर. पाठवायला मात्र खरा एरियल हवा. तो मी उभा केला होता: अ‍ॅल्युमिनियमचे पाइप एकात एक घालून केलेला तेहेतीस फुटी खांब, खाली पाइप जमिनीला टेकू नये म्हणून सोड्याची जाड बाटली, तिन्ही बाजूंनी दोऱ्यांचे ताण. अख्ख्या कॉलनीत तो दिसायचा. मला त्याचा अभिमान होता. लोक पत्ता सांगताना म्हणायचे, तो पाइपवाला मास्तर.

उभ्या एरियलची अडचण अशी की तो अर्धाच असतो. दुसरा अर्धा जमिनीत करावा लागतो, खांबाच्या बुडापासून बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारख्या तारा पसरून. जमीन चांगली नसेल तर सगळी ताकद मातीतच जिरते. धुळ्याला माझं ऐकू जात नाही याचा अर्थ माझी जमीन कमी पडते, हे मी पहिल्या दिवशीच ठरवून टाकलं. त्यावर पुन्हा विचार केला नाही.

शेजारच्या प्लॉटमध्ये आबा राहायचे. अमळनेरकडचे कापसाचे शेतकरी, नातवंडांच्या शाळेसाठी इथं घर बांधून राहिलेले, अर्धा प्लॉट मोकळा. मी कुदळ घेतलेली बघून भिंतीशी आले.

"काय खंदी ऱ्हायना भाऊ?"

म्हटलं, अर्थिंग.

"मग असं का करस? मनी मोटरले जसं करेल शे, तसं कर. उंडा खड्डा खंद, मीठ टाक, कोयसा टाक, वरथीन पानी दे. बठ्ठं काम व्हई जाई."

खानदेशात ज्याच्या विहिरीवर मोटर आहे त्या प्रत्येकाला अर्थिंग येतं, आणि मी तर विज्ञानाचा मास्तर. मलाही तेच पटलं. छातीएवढा खड्डा खणला. तांब्याचा पत्रा, मिठाचं अख्खं पोतं, लोहाराकडचा कोळसा. एप्रिल महिना, नळाला तीन दिवसांआड पाणी, आणि मी त्या खड्ड्यात रोज दोन बादल्या ओततोय. बायको दारात उभी राहून बादल्या मोजायची. एप्रिलअखेर लिंबाचं झाड पानं टाकून वाळलं. मिठानं मुळं जाळली.

"लोणचं घातलंत जमिनीचं," ती म्हणाली. "नाना बोलले का?"

नाना रोज बोलत होते. ते ऐकणं हीच तर शिक्षा होती. मी पोस्टकार्ड टाकलं होतं की तुमचं स्वच्छ ऐकू येतं, माझंच पोचत नाही, तुम्ही बोलत राहा. ते बोलत राहिले. आज पोहे मऊ झाले, गिळता आले. पांझरेला पाणी नाही, म्हशी वाळूत बसल्यात. अक्काला पाटीवरचं माझं अक्षर लागत नाही, म्हणून ती अंदाजानं हो म्हणते. मग थांबून: आहेस का? आणि मी इकडे चावी बडवतोय, आहे, आहे, आहे. कधीकधी आबांच्या घरापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं तोंडानं ओरडायचो, आहे हो नाना! बायकोनं एकदा येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला.

खड्ड्यानं जमलं नाही तेव्हा मी पुस्तकाकडे वळलो. तारा. एकशे वीस जमणार नाहीत, चाळीस तरी घालू. शेतातल्या मोटरी जळल्या की वाइंडिंगच्या दुकानात जुन्या तांब्याच्या तारेचे गुंते पडतात. तसे गुंते आणून मी ओट्यावर बसून सोडवले. सुट्टीचा अख्खा मे महिना. एका बाजूला भिंत, एका बाजूला रस्ता, एका बाजूला घराचा पाया. तेहेतीस फुटांची सरळ रेघ कुठंच जात नव्हती. आबांना विचारलं, तुमच्या मोकळ्या जागेत घालू का? त्यांनी खुशाल घाल म्हटलं आणि खाट टाकून बघत बसले.

"भाऊ, हाई काय पेरी ऱ्हायना तू?"

"तारा, आबा."

"कधय उगतीन?"

स्वतःच खदखदून हसले. मला हसू आलं नाही. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात काळी माती दगड झालेली असते. कुदळ मारली की ढेकूळ निघतं, ओळ निघत नाही. शिवाय तिला भेगा. हात घातला तर कोपरापर्यंत जाईल अशा. एक तार पुरून दुसरीकडे वळेपर्यंत भेग आणखी फाकायची आणि आठवड्याभरात पहिली तार ताणून तुटलेली. मी पुन्हा उकरायचो, सोल्डरचा डाग द्यायचो, पुन्हा पुरायचो. पावसात माती फुगली तेव्हा दहा-बारा तारा उचकटून वर आल्या. त्यांत पाय अडकून आबांची सून पडली आणि आबांनी हसणं बंद केलं. गणपतीनंतर त्यांनी त्या जागेत मेथी पेरायला खणलं. माझ्या तारा त्यांनी नीट गुंडाळून भिंतीवर आणून ठेवल्या.

दर महिन्याला मी नानांना कार्ड लिहायचो. चोवीस तारा झाल्या. तीस झाल्या. घराभोवती नागमोडी घातल्यात. आता कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आणून अंथरतोय. आणि प्रत्येक कार्डाला नानांचं उत्तर एकाच ओळीचं: खणू नकोस. एकदा येऊन जा.

ते वाचून मला राग यायचा. खरंच यायचा. वाटायचं, यांचा माझ्यावर विश्वास नाही. आजारी माणसाला सोबत हवी असते, म्हणून बोलावतात, ते मला कळत होतं. पण हात हलवत जायचं, म्हणजे हरलो असं सांगायला जायचं. मी लिहायचो, तारा पूर्ण झाल्या की येतो. स्टँडवरून एरंडोल, पारोळा करत धुळ्याची गाडी सारखी सुटायची, अडीच तासांचा रस्ता. माझे सगळे रविवार मात्र कुदळीपाशी गेले.

त्यात ऑक्टोबरात एक भलतंच झालं. एका संध्याकाळी मी सहज हाक दिली आणि जपानमधून उत्तर आलं. चांगलं ऐकू येतंय म्हणाला. नंतर त्याचं छापील कार्डही आलं, फुलांचं चित्र असलेलं. मी ते वर्गात मुलांना दाखवलं. घरी येऊन बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "जपानला जातं आणि धुळ्याला जात नाही? तुमचा पाइप धुळ्याच्या डोक्यावरून बघतो की काय?"

ती भाजी निवडता निवडता बोलून गेली. मी तिला रागानं म्हटलं, तुला त्यातलं काही कळत नाही. जपान लागलं म्हणजे तारांचा उपयोग होतोय, आणखी दहा घातल्या की धुळं लागेल, असा माझा हिशोब.

डिसेंबरात नानांचं कार्ड आलं. या खेपेला चार ओळी होत्या. रोज भिंतीशी बोलल्यासारखं होतं. तू ऐकतोस हे माहीत आहे, पण उत्तर नसलं की बोलण्यात काय राहतं. संक्रांतीपर्यंत बघतो. मग सेट बांधून माळ्यावर टाकणार.

ते कार्ड मी खिशात घालून शाळेत गेलो आणि वर्गात काय शिकवलं ते मला आठवत नाही. सेट माळ्यावर गेला की उरणार ती पाटी. पाणी, खिडकी, बास. त्या तीन आठवड्यांत मी वेड्यासारखा खणत होतो. जाळी अंथरली, जाळीला तारा डागल्या, तारा पाण्याच्या टाकीच्या पाइपाला जोडल्या. बोटांना फोड. संक्रांत चार दिवसांवर आली आणि नाना रोज सकाळी विचारत होते, आहेस का?

भोगीच्या दिवशी साडेआठला हेडफोन लावला आणि काहीच नाही. नाना नाहीत. एक दिवस आधीच बांधला का सेट? की आणखी काही? बाहेर धावलो. कपड्यांच्या तारेच्या जागी पिवळी नायलॉनची दोरी होती, आणि तिच्यावर बायको सणाची धुतलेली पातळं घालत होती.

"तार कुठंय?"

"काढली. गंजली होती. प्रत्येक पातळाला डाग पडतोय. तुमचा चिमटा तिथं ठेवलाय बघा."

मी तिला नको नको ते बोललो. सणाचा दिवस, शेजारी ऐकताहेत, कशाची पर्वा केली नाही. मग तो चिमटा घेतला आणि घाईत खांबाच्या बुडाला लावला. ऐकण्यासाठी एवढा मोठा खरा एरियल आहे की, आता तर नाना आणखी जोरात येतील. हेडफोन लावला. कुठून कुठून परदेशी ठोके येत होते, बारीक, पण स्वच्छ. नानांच्या जागी खोल कुठंतरी एक खरखर होती. कान ताणून ऐकलं तेव्हा त्या खरखरीत नानांचा हात ओळखू आला, आणि विझला.

मी हेडफोन काढून ठेवला. दहा महिने ज्या तारेनं मला नाना ऐकवले ती गंजकी, आडवी, डोक्याएवढ्या उंचीची तार होती. एरियल जसा ऐकतो तसाच पाठवतो. उभा खांब क्षितिजाकडे फेकतो, लांब फेकतो, आणि जवळचं सोडून देतो. आडव्या, खालच्या तारेतून निघालेलं सरळ वर जातं, आकाशातल्या थराला लागतं आणि आसपासच्या दोन-तीनशे किलोमीटरवर पावसासारखं पडतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं. वेगळ्या धड्यात होतं. पण डोकं माझं खांबाच्या धड्यातच अडकलं होतं. माझ्या जमिनीत काही खोट नव्हती. बायकोनं भाजी निवडताना जे सांगितलं ते शब्दशः खरं होतं.

मोरीमागे तिनं ती तार वेटोळं करून ठेवली होती. मी ती घेऊन आलो. बायको बघत होती. मग तिनं ओली पातळं काढून खांद्यावर घेतली, दोरी सोडली, आणि तारेचं दुसरं टोक धरून जिन्यावर गेली. माफी मी मागितली, पण पुटपुटल्यासारखी. तिनं ऐकली की नाही ते तिनं दाखवलं नाही.

संक्रांतीच्या सकाळी पाठवायचा सेट त्या तारेला जोडला. नाना आले. माझं नाव. आहेस का? मी एकदाच उत्तर दिलं. आहे.

उत्तर आलं: कडकट्ट अजून लांब पडते तुझी.

मला रडू आलं. रडतारडता हसलो. बायको तीळगुळाची वाटी घेऊन दारात उभी होती, तिला मी मानेनंच सांगितलं. त्या दिवशी नाना पाऊण तास बोलले आणि मी पाऊण तास उत्तरं दिली. सणाची अंघोळही राहून गेली.

पुढच्या रविवारी पहिल्या गाडीनं धुळ्याला गेलो. देवपुरातलं घर शोधत गल्लीत शिरलो. मनात होतं की नानांना सगळं सांगायचं, ती कपड्यांची तार, तो जपानी, सगळं. अंगणाचं फाटक ढकललं आणि कपाळावर काहीतरी ओलं लागलं. पंचा होता. नानांचा पंचा, तारेवर वाळत घातलेला. तार खिडकीच्या गजापासून कडुनिंबाच्या फांदीला गेली होती, माझ्या डोक्याच्या जरा वर. गजाशी चिमटा होता, आणि चिमट्यापासून एक वायर आत टेबलावरच्या सेटला गेली होती.

मी पंचा हातात धरून तिथंच उभा राहिलो. मार्चात आलो असतो तरी हेच दिसलं असतं. गाडीतून उतरून दोन मिनिटांत.

नाना दारात आले. बारीक झाले होते, गळ्याला मऊ रुमाल. माझ्याकडे बघितलं, तारेकडे बघितलं, आणि पाटी उचलली. आतून अक्का विचारत होत्या कोण आलंय म्हणून. नानांनी सावकाश लिहिलं आणि पाटी माझ्यासमोर धरली.

ये म्हटलं होतं.